आई-बाबांना, पिस्तूल का आणि कुठलं घेतलं ते

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

सगळ्यात आधी, मी मजेत आहे, तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर चाललंय, आणि इथे मला कोणी त्रास देत नाहीये, कोणी मागे लागलेलं नाहीये, कोणाशी भांडण नाहीये. छोटीने तुम्हाला माझा पिस्तूल लावलेला तो फोटो दाखवला आणि मग फोनवर आई नुसती "पण कशाला गं, पण कशाला" एवढंच म्हणत राहिली आणि बाबा तर काही बोललेच नाहीत, म्हणून ठरवलं की हे नीट लिहूनच पाठवायचं. फोनवर मी एक सांगते, तुम्हाला भलतंच ऐकू येतं, मध्ये आजी विचारते कोण मेलं, आणि सगळंच राहून जातं. हे पत्र बाबांनी मोठ्याने वाचावं आणि आजीला शेवटपर्यंत बसवून ठेवावं.

पिस्तूल माणसांसाठी नाहीये. अस्वलांसाठी आहे. तेही अस्वल मारायला नाही, माझ्यावर धावून आलंच आणि बाकीचं सगळं करून झालं तर त्या वेळेसाठी.

कामाचं तुम्हाला सगळं माहीतच आहे, नदीकाठचा टॉवर, त्यावर चढून दर तासाला दहा मिनिटं मासे मोजणं, ते परत लिहीत नाही. फोनवर जे कधी निघालं नाही ते म्हणजे तंबूपासून टॉवरपर्यंतची वाट. इथे अलास्कात ब्रिस्टल बेच्या नद्यांमध्ये जून-जुलैमध्ये सॉकआय सॅमन येतो तो आम्ही मोजायला जातो आणि अस्वलं खायला जातात, नदी एकच. इथली किनाऱ्याकडची ब्राऊन बेअर मासे खाऊन आडवी वाढतात, कोडियाक बेटावर तर मोठा नर ६८० किलोपर्यंत जातो. पण खरं सांगू, त्यातली बहुतेक आपल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांना मासा हवा असतो. गेल्या सीझनला रोज दिसायची आणि एकदाही काही झालं नाही, हे आईने दोनदा वाचावं.

कॅम्पवर शॉटगन असते, ती चालवायचं ट्रेनिंगही झालंय. पण शॉटगन हातात धरावी लागते किंवा पाठीवर टांगावी लागते आणि मी तर दोन्ही हातांनी शिडी चढत असते नाहीतर कमरेपर्यंत पाण्यात उभी असते. मग ती किनाऱ्यावर झाडाला टेकवून ठेवायची, आणि अस्वल नेमकं तिच्या आणि माझ्या मध्ये आलं तर तिचा काय उपयोग. पिस्तूल छातीवर पट्ट्याने बांधलेलं राहतं, पाण्यातही, शिडीवरही. आमची क्रू लीडर कित्येक वर्षं हेच करतेय, तिच्यामुळेच मी विचार करायला लागले.

आणि पहिली गोष्ट स्प्रेच. बेअर स्प्रे म्हणजे मिरचीतल्या तिखटाचा अर्क भरलेला मोठा कॅन, आठ-नऊ मीटरपर्यंत ढग सोडतो. तो माझ्या कमरेला कायम असतो आणि असणारच. अलास्कातल्या घटनांचा एक अभ्यास २००८ साली छापून आला, त्यात ब्राऊन बेअरवर स्प्रे मारला त्यातल्या ९२ टक्के वेळा अस्वल जे करत होतं ते थांबलं. २०१२ ला त्यातल्याच काही लोकांनी बंदुकीचा अभ्यास केला, १८८३ ते २००९ पर्यंतच्या घटना घेऊन, आणि त्यात निघालं की बंदूक जवळ असलेल्या लोकांनी ती चालवली काय आणि नाही चालवली काय, जखमी होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच. हे मी घ्यायच्या आधी वाचलंय बाबा, घेतल्यावर नाही. म्हणून पिस्तूल माझ्यासाठी स्प्रेच्या नंतर येतं. पण वारा तोंडावर असला की स्प्रे आपल्याच डोळ्यात येतो, आणि बेजवळ वारा नाही असा दिवस नसतो. शिवाय कॅन सात-आठ सेकंदांत संपतो. त्यानंतर काय, एवढाच प्रश्न आहे.

इथली एक पद्धत सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल की आम्ही मुळात त्या वेळेपर्यंत पोचूच नये म्हणून काय काय करतो. इथे लोक रानातून चालताना ओरडत चालतात. म्हणजे घाबरून नाही, सहज, एखाद्याला रस्त्यात हाक मारावी तसं, "हे बेअर! हो बेअर!" आणि समोर कोणी नसतं! मला पहिल्यांदा वाटलं यांना अस्वल दिसलं, मी जागच्या जागी थिजले, आणि ती लोकं ओरडत ओरडत पुढे निघून गेली. मग कळलं. अस्वल बहुतेक वेळा अंगावर येतं ते दचकून, विशेषतः पिल्लं असली की, किंवा ते मेलेल्या जनावरावर बसलेलं असलं की. त्याला आपण लांबून कळलो तर ते आपणहून बाजूला होतं. पण नदीचा आवाज असतो, अल्डरची झुडपं इतकी दाट की दोन हातांवरचं दिसत नाही, आणि वारा उलटा असला तर आपला वासही त्याला जात नाही, म्हणून माणसाचा आवाज पोचला पाहिजे. घंटा बांधून चालतात काही टूरिस्ट, त्याचा फारसा उपयोग नसतो म्हणतात, आवाज माणसाचाच हवा, आणि वळणाच्या आधी, चढाच्या माथ्यावर पोचायच्या आधी, दाट झाडीत शिरायच्या आधी जास्त मोठा हवा. आणि अस्वल दिसलंच तर मग किंचाळायचं नाही, खालच्या आवाजात शांतपणे बोलायचं, म्हणजे त्याला कळतं की हा माणूस आहे, आणि हळूहळू मागे सरकायचं, पळायचं तर कधीच नाही कारण ते तासाला ५० किलोमीटरच्या वर पळतं. प्रत्येकाची हाक वेगळी असते, कोणी टाळ्या वाजवतं, कोणी गाणी म्हणतं, आमच्यातला एक मुलगा क्रिकेटसारखी बेसबॉलची कॉमेंट्री करतो. मी पाढे म्हणते. आजीने पाठ करून घेतलेले सगळे, पावकी, निमकी, पाऊणकीसकट, मोठ्या आवाजात. एकोणतीसचा पाढा टॉवरच्या वाटेवर बरोबर संपतो. आजीला सांगा.

आता पिस्तुलाचं. बाबा, तुम्ही मोटर घेताना सुद्धा महिनाभर चौकशी करता, तुमचीच मुलगी आहे मी, दुकानात जाऊन समोर दिसलं ते उचललेलं नाहीये. बजेट ठरलेलं होतं, सगळं मिळून हजार डॉलरच्या आत. आणि अट एकच, जे घेईन ते माझ्या हातात दर वेळी चाललं पाहिजे. माझा हात आईसारखा, बोटं आखूड. इथे सगळेजण मोठं, अजून मोठं असं सांगतात आणि ते सांगणाऱ्यांचे हात माझ्या दुप्पट असतात.

मोठ्या बोअरमध्ये, म्हणजे रुंद नळीच्या आणि जाड गोळीच्या पिस्तुलांत, पहिलं नाव निघतं ते .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरचं. १९५५ साली स्मिथ अँड वेसनने आणलेली गोळी, ताकद बाराशे-तेराशे ज्यूलपर्यंत, आणि अलास्कात जुने मच्छीमार हेच लावतात. रिव्हॉल्व्हरची एक गोष्ट खरंच मोठी आहे, ती म्हणजे अस्वल अंगावर पडलं आणि नळी त्याच्या अंगाला टेकली तरी गोळी सुटते. सेमी-ऑटो, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात नळी दाबली गेली की वरची स्लाईड मागे सरकते आणि मग ट्रिगर ओढला तरी काही होत नाही. हे कोणी दुकानदार आपणहून सांगत नाही, क्रू लीडरने सांगितलं. म्हणून मी रिव्हॉल्व्हरच घ्यायचं म्हणून गेले होते. रेंजवर भाड्याने मिळतात, तिथे चालवून बघितलं. पहिली गोळी बरोबर लागली. दुसरीच्या वेळी माझे डोळे आधीच मिटत होते, मनगट वर उडत होतं, आणि परत निशाणावर यायला इतका वेळ जात होता की तेवढ्यात अस्वल पोचलं असतं. सहाच गोळ्या, त्यातली पहिलीच माझी, बाकीच्या नशिबाच्या. वजनही बघा, रुगरचं सुपर रेडहॉक दीड किलोचं असतं. किंमत हजाराच्या वर. तो विषय तिथेच संपला.

डेझर्ट ईगल पण तिथे होतं, .५० चं, छोटी विचारत होती म्हणून लिहिते. दोन किलोचं रिकामंच, किंमत माझ्या बजेटच्या दुप्पट-अडीचपट. ते काचेत ठेवायचं पिस्तूल आहे, चिखलात न्यायचं नाही.

मग .४५ एसीपी. ही फार जुनी आणि फार विश्वासाची गोळी. फिलिपिन्समध्ये अमेरिकन सैन्याचं .३८ कमी पडायला लागलं म्हणून त्यांना मोठी गोळी हवी होती, जॉन ब्राउनिंगने ती केली आणि त्याचं पिस्तूल १९११ मध्ये सैन्यात आलं ते १९८५ पर्यंत राहिलं. त्याला नुसतं नाईन्टीन-इलेव्हनच म्हणतात. हातात धरलं तेव्हा वाटलं की हेच घ्यावं, कारण त्यात गोळ्या एकाच रांगेत असतात, त्यामुळे मूठ पातळ, माझी बोटं पूर्ण फिरतात. धक्का पण ढकलल्यासारखा येतो, फटका बसत नाही. आणि ते आता तुर्कस्तानात, फिलिपिन्समध्ये बनतं ते पाचशे-सहाशेत चांगलं मिळतं, टिसास, रॉक आयलंड वगैरे, लोक समाधानी आहेत. पण गोळी जड आणि सावकाश, सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास, ताकद पाचशे ज्यूल. माणसासाठी बनवलेली गोळी आहे ती. अस्वलाची जाड चरबी, स्नायू आणि त्याखाली हाड, तिथे खोल जाणं महत्त्वाचं असतं, गोळीची रुंदी तेवढी नाही. शिवाय जुन्या पद्धतीच्या त्या पिस्तुलात अंगठ्याने सेफ्टी खाली करावी लागते, आणि मी ग्लोव्हज घालून, हात गारठलेले असताना ती प्रत्येक वेळी खाली करेनच अशी मला स्वतःची खात्री वाटली नाही. कोणी वर्षानुवर्षं तेच चालवलं असेल तर त्याच्यासाठी उत्तमच आहे.

स्वस्तातलं हाय-पॉइंटचं .४५ दोनशे डॉलरच्या आसपास मिळतं, बाबा तुम्ही विचारलंच असतं म्हणून सांगते. चालतं म्हणतात लोक, पण त्याची स्लाईड फारच जड आहे आणि छातीवर दिवसभर बांधून फिरायला ते बनलेलंच नाही. जिथे वस्तूवर जीव ठेवायचा तिथे मी कमीत कमी पैशाचं बघितलं नाही, आणि जास्तीत जास्त पैशाचंही नाही.

शेवटी घेतलं ते १० एमएम. ही गोळी १९८३ ची. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयची एक चकमक झाली, त्यांचे दोन एजंट गेले, त्यानंतर त्यांनी मोठी गोळी म्हणून ही घेतली, पण पूर्ण ताकदीची १० एमएम त्यांच्याच बऱ्याच जणांना जड गेली आणि मग तिचीच आखूड आवृत्ती .४० निघाली १९९० मध्ये. हे वाचून मी जरा थांबलेच होते. पण ही गोळी साडेआठशे-नऊशे ज्यूल देते, .४५ च्या पावणेदोन पट तरी, आणि धक्का .४४ मॅग्नमपेक्षा पुष्कळ कमी. ग्रीनलंडमध्ये डेन्मार्कच्या सैन्याची सिरियस म्हणून कुत्र्यांच्या स्लेजवरची गस्त असते, ते लोक ध्रुवीय अस्वलांसाठी हेच वापरतात, ग्लॉक २०. मी घेतलेलं तेच. ऑस्ट्रियाची कंपनी, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या, भरल्यावर वजन सव्वा किलोच्या आत, नवीन सहाशे डॉलरच्या आसपास. खाली प्लास्टिकचा सांगाडा आहे त्यामुळे ओलाव्याची, गंजाची काळजी कमी, आणि इथल्या कुठल्याही गावात त्याचा सुटा भाग मिळतो. दिसायला एखाद्या ड्रिल मशीनसारखं आहे, छोटीला आवडणार नाही.

मुठीचा प्रश्न होता. १० एमएम ची गोळी लांब, त्यामुळे मूठ पुढून मागे जाड. जुन्या मॉडेलमध्ये माझं बोट ट्रिगरच्या टोकाला जेमतेम पोचत होतं. नंतरच्या मॉडेलमध्ये मागची पट्टी बदलता येते, सगळ्यात बारीक ठेवली की बोट बरोबर मध्यावर बसतं. कोणीही मोठ्या बोअरचं घेणार असेल तर मी हेच सांगेन की आधी मूठ बघा, बोट पोचतंय का बघा, मग गोळीचं बोला. हात सैल पडला की असं पिस्तूल अडकतं सुद्धा, कारण स्लाईडला मागे जायला आपल्या मनगटाचा आधार लागतो. म्हणून मी हिवाळाभर मनगटाचे व्यायाम करतेय, त्याचा फायदा मोजताना पेन धरायलाही झाला.

आणि पिस्तूल नवीन आहे म्हणून भरवशाचं आहे असं होत नाही. सरावाच्या गोळ्या वेगळ्या असतात, अस्वलासाठीच्या वेगळ्या. अस्वलासाठी फुलणारी गोळी नको, टोकाला चपटी आणि टणक हवी, म्हणजे सरळ आत जाते. बरेच जण टणक शिशाच्या वापरतात, पण ग्लॉकच्या माहितीपुस्तकात उघडं शिसं वापरू नका म्हणून लिहिलंय, त्यांच्या नळीच्या आतली घडण वेगळी असते आणि शिसं साचत जातं. मग लोक दुसरी नळी विकत घेऊन बसवतात. मी वरून तांब्याचं आवरण असलेल्या घेतल्या, नळीचा खर्च वाचला. त्या महाग असतात, वीस गोळ्यांच्या डब्याला तीस-चाळीस डॉलर, पण त्याच गोळ्यांचे काही डबे मी मुद्दाम रेंजवर संपवले, कारण ज्या गोळ्या नदीवर न्यायच्या त्याच त्यातून अडकल्याशिवाय जातात का हे बघायलाच हवं. सरावाच्या दोन-तीनशे आणि या, एकही अडकली नाही. तेव्हा कुठे मी ते माझं मानलं.

ग्लॉकला अंगठ्याची सेफ्टी नसते. आई, हे वाचून घाबरू नकोस. ट्रिगर दाबला गेल्याशिवाय ते सुटत नाही, पडलं तरी सुटत नाही, आत तशी व्यवस्था आहे. म्हणून होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची खोळ, असं घेतलंय की ट्रिगर पूर्ण झाकला जातो, कडक प्लास्टिकचं, आणि बाहेर काढेपर्यंत बोट आत जाऊच शकत नाही. घरी ते कुलपाच्या पेटीत असतं, गोळ्या वेगळ्या. विमानाने नेताना रिकामं करून, कडक पेटीत कुलूप लावून, काउंटरवर सांगून सामानात द्यावं लागतं, लपवून काही नाही. गंमत म्हणजे मोठ्या विमानात पिस्तूल सामानात जातं पण बेअर स्प्रे जात नाही, तो तिकडे पोचल्यावर विकत घ्यायचा, आणि पुढच्या छोट्या विमानात पायलट तो बाहेर पंखाखाली किंवा पाण्यावर तरंगायच्या फ्लोटमध्ये बांधतो, कारण आत फुटला तर त्याला दिसणार नाही.

बाबांना कायद्याची काळजी असणार. तुमच्या डोक्यात परवाना म्हणजे अर्ज, पोलिसांची चौकशी, वर्षानुवर्षं वाट, मिळालं तर कानपूरचं .३२ आणि निवडणूक आली की ठाण्यात नेऊन जमा. इथे तसं नाही, अलास्कात परवाना लागतच नाही, २००३ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला झाकून बाळगायलाही लागत नाही. पण दुकानात केंद्र सरकारचा फॉर्म भरावा लागतो, त्यात खोटं लिहिणं गुन्हा, आणि दुकानदार एफबीआयकडे चौकशी करतो मगच देतो. व्हिसावर होते तेव्हा मला हे करताच आलं नसतं, शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद सोडले तर व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं इथे गुन्हाच आहे. ग्रीन कार्ड झालं म्हणून जमलं. पोलीस समोर आला तर मी लगेच सांगायचं की माझ्याजवळ आहे, कोणाच्या घरात झाकून न्यायचं तर त्यांना विचारायचं, हे सगळं पाठ आहे. आणि अस्वल मारावं लागलंच तर त्याचं कातडं आणि कवटी काढून सरकारला द्यावी लागते, ताबडतोब कळवावं लागतं, १५ दिवसांत लेखी द्यावं लागतं, आणि आपण खाणं उघडं टाकलं म्हणून ते आलं असेल तर तो बचाव धरतच नाहीत. त्यामुळे आमच्या कॅम्पवर खरकटं एक शीत राहत नाही.

आई म्हणाली की तू बदललीस. नाही गं. मला ती वस्तू आवडत नाही, काढून बघत बसत नाही, फोटोही मी क्रू लीडरला होल्स्टर बरोबर बसलंय का विचारायला काढला होता, छोटीने माझ्या फोनमधला बघितला. पण मला ते काम आवडतं. पहाटे पाचला उजेड असतो, पाणी काचेसारखं असतं आणि खालून मासे जात असतात, न थांबता. ते काम करायचं तर तिथे सुरक्षित राहायची जबाबदारी माझी, दुसऱ्या कोणाच्या बंदुकीच्या भरवशावर मी किती दिवस चालणार.

आता पैशांचं. काकांनी विचारलं म्हणे, की पिस्तुलाला पैसे आहेत आणि बहिणीच्या लग्नाला यायला तिकिटाला नाहीत का. काकांना सांगा की इथे राहणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी तेलाच्या फंडातून पैसे मिळतात, १९८२ पासून देतात, २०२५ चे १००० डॉलर आले, ते त्यात गेले. पगारातला एक पैसा नाही. पगारातला पैसा छोटीच्या लग्नासाठीच ठेवलाय. दोन लाख या महिन्यात पाठवते, एक लाख मेमध्ये. दागिन्यांसाठी बाबांनी एफडी मोडू नये, मी परत परत सांगतेय, मोडू नका.

तिकिटाचा प्रश्नच नाहीये. मुहूर्त चातुर्मासाच्या आधीचा शेवटचा, आणि सॉकआय सगळ्यात जास्त येतात ते ४ जुलैच्या आसपास, त्याच्या आगेमागे मी तिथून हलू शकत नाही. माझ्या जागी येणारं कोणी नाही आणि मोजणी चुकली तर मासेमारी कधी उघडायची आणि कधी बंद करायची हेच त्यांना कळत नाही. मुलाकडच्यांना नोव्हेंबर चालणार नव्हता हेही मला माहितीये, मी छोटीवर रागावलेली नाही. ती म्हणते ताई तू नसलीस तर मी करवलीच ठेवणार नाही, तिला समजावा. मामाच्या मुलीला उभं करा, ती छान करेल. मला मंगलाष्टकांचं रेकॉर्डिंग हवंय, पूर्ण, कापलेलं नको. दिवाळीला मी महिनाभर येतेय, सुट्टी मंजूर झालीये, तेव्हा छोटी आणि जावई दोघंही घरी असतील असं बघा.

आणि आई, त्या न्यू जर्सीच्या स्थळाचं. तू म्हणालीस पिस्तुलाचं त्यांना सांगायचं नाही. सांग. अलास्काचं सांगितलंस, नदीचं सांगितलंस, मग हेही सांग, आणि स्प्रेचं आणि पाढ्यांचंही सांग. ज्याला चालेल त्याच्याशी बोलेन, नक्की बोलेन, टाळणार नाही. फोटो मात्र कुर्त्यातलाच पाठव, तो होल्स्टरवाला नको.

जूनच्या दहा तारखेनंतर फोन लागणार नाही. सॅटेलाईटवरून रोज रात्री छोटा मेसेज येईल, तुमच्याकडे सकाळ असेल. एखाद्या दिवशी नाही आला तर मशीन चार्ज झालं नाही असं समजा, लगेच ऑफिसला फोन करू नका, दोन दिवस थांबा. आईचा गुडघ्याचा एक्स-रे लग्नाच्या गडबडीत पुढे ढकलू नका. बाबा, हॉलवाल्याला दिलेल्या ॲडव्हान्सची पावती छोटीला व्हॉट्सॲपवर टाकायला सांगा आणि बाकी किती राहिले ते लिहा, मी थेट त्यांच्याच खात्यावर भरते.

तुमची,
थोरली